धुरपताबाई माल निवडते

चिखल्याच्या खदानीत धुरपताबाई गजभियेनं बत्तीस वर्षं मॅंगनीज निवडलं. खाली भुयारात गडी दगड फोडायचे, तो वर यायचा आणि वर पत्र्याच्या शेडखाली बाया ओळीनं बसून माल एकीकडं, दगड एकीकडं करायच्या. नवख्याला दोन्ही सारखेच काळे दिसतात. पण मॅंगनीजचा खडा तळहातावर घेतला की मनगट आपोआप खाली जातं, साध्या दगडानं जात नाही. धुरपताबाईला तर पुढं पुढं बघावंही लागत नसे. शेजारणीशी तिच्या सुनेच्या तक्रारी बोलता बोलता हात चालू राहायचा. तिच्या घमेल्यात दगड सापडला असं सुपरवायझरनं बत्तीस वर्षांत दोनदाच म्हटलं, आणि त्यातल्या एका वेळी तिनं तो दगड हातोडीनं फोडून आतला माल त्याला दाखवला होता.

साठाव्या वर्षी ती रिटायर झाली. शाल मिळाली, भिंतीवरचं घड्याळ मिळालं, सगळ्यांनी मिळून फोटो काढला. नवरा श्यामराव त्याआधी सहा वर्षं गेलेला. घरात मुलगा धर्मेंद्र, सून तृप्ती आणि दोन नातवंडं. धर्मेंद्र खाजगी मालकाच्या टिप्परवर ड्रायव्हर होता, खदानीचाच माल वाहायचा. पेन्शन थोडीफार येत होती. खायला-प्यायला कमी नव्हतं. म्हातारीनं आता बसून खावं, असं सगळ्यांचं मत पडलं.

पण बसून खायचं कसं, हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. पहिले काही दिवस झोपेत गेले. मग ती तांदळाच्या मागं लागली. सूप घेऊन दारात बसायची आणि दिवसातून दोनदा तांदूळ निवडायची.

"आई, मिलचा तांदूळ हाय हा," तृप्ती म्हणायची, "येच्यात खडा नाई सापडत."

"नसन. पन पाहू तं दे."

दहा-बारा दिवस सूप पाखडूनही एक खडा निघाला नाही तेव्हा सासूचं तोंड उतरलेलं तृप्तीला बघवेना. एका सकाळी तिनं गुपचूप चार-पाच बारीक खडे तांदळात टाकून दिले. धुरपताबाईनं ते बरोबर काढले, हातावर घेऊन पाहिले आणि संध्याकाळी चहा पिता पिता म्हणाली, "तृप्ती, हे खडे आपल्या अंगनातले होत वो." दोघी कितीतरी वेळ हसत बसल्या.

त्या साली चौदा एप्रिलच्या मिरवणुकीला ऊन रणरणतं होतं. मिरवणूक खदानीच्या कॉलनीतून निघून विहारापर्यंत यायची, आणि वाटेत जागोजागी पोरांनी टेबलं मांडून पाण्याचे पाऊच, सरबत, मसालेभात वाटला. दुसऱ्या दिवशी सकाळी धुरपताबाई वंदनेला निघाली तर विहारापर्यंतचा सगळा रस्ता पाऊचांनी, ग्लासांनी आणि बाटल्यांनी भरलेला. विहाराच्या पायरीवर एक गाय रिकामा पाऊच चघळत उभी होती. धुरपताबाईनं तिच्या तोंडातून तो ओढून काढला, मग पायरीवरचे उचलले, मग पायरीखालचे. पांढऱ्या साडीचा ओचा भरला तेव्हा ती घरी जाऊन पोतं घेऊन आली. दुपारपर्यंत तीन पोती झाली.

त्या तीन पोत्यांतच तिचा जीव अडकला. कारण गोळा करता करता हात आपल्या जुन्या सवयीनं निवडायला लागला होता. पाऊच मऊ, मुठीत दाबला तर चूप बसतो. ग्लास कडकड वाजतो आणि चिरतो. पाण्याची बाटली दाबली तर परत उसळते. तिचं बूच मात्र वेगळ्याच जातीचं, नखानं ओरखडलं तर मेणासारखं लागतं. आणि वरचं लेबल तिसरंच, ओढलं की फाटतं. एका बाटलीत तीन जाती! मॅंगनीज तर एकाच जातीचं असायचं. संध्याकाळी अंगणात बसून तिनं सगळं वेगवेगळं केलं आणि रात्री गाढ झोपली.

मग हे रोजचंच झालं. सकाळी विहार, मग कॉलनीची मागची नाली, मग चहाच्या टपऱ्या. घरामागं पोत्यांची रांग लागली. तृप्तीनं एक शब्द विचारला नाही, फक्त एक दिवस धान फवारणीचे रबरी हातमोजे आणून सासूपुढं ठेवले. धुरपताबाईनं ते घालून पाहिले आणि काढून ठेवले. "हाताले कळत नाई मंग," ती म्हणाली. नालीपुरते घालायचे, निवडताना नाही, यावर शेवटी दोघींचा समझोता झाला.

धर्मेंद्रचं मात्र डोकं फिरलं. टिप्परच्या लाइनीत त्याच्याबरोबरचा कमलेश सगळ्यांसमोर म्हणाला होता, "काहून गा, तुही माय पन्न्या येचते म्हन्ते? पगार कमी पडून राहिला का?" त्या संध्याकाळी धर्मेंद्र घरी आला तो चपला न काढताच मागच्या अंगणात गेला.

"काहून वो माय, आमी उपाशी ठेवून राहिलो का तुले?"

"नाई तं."

"मंग कायले हे? लोकं काय म्हनत असतीन?"

धुरपताबाईनं हातातली बाटली पोत्यात टाकली. "बत्तीस वर्सं मी दगडं येचले. त्याच्यावर तू दहावी झाला, लायसन काढलं. तवा नाई लाज वाटली तुले?"

"तवा कंपनीचा माल होता!"

"अना हा कोनाचा हाय? हे ऑइलचे डब्बे तुम्हा डायवरायचेच होत. टपरीच्या मागून उचलून आनले मी. तुमी फेकता, मी येचतो. लाज कोनाले वाटाले पाह्यजे?"

त्या रात्री धर्मेंद्र जेवलाच नाही. पुढं पंधरा दिवस मायलेकांचं बोलणं तृप्तीमार्फत चाललं. "तुह्या सासूले सांग", "तुह्या नवऱ्याले सांग", आणि तृप्ती दोघांच्या मध्ये उभी राहून कोणाचंच काही न सांगता आपलं आपलं बदलून सांगायची.

दर पंधरा दिवसांनी तुमसरहून बाबुलाल कबाडीवाल्याचा टेम्पो यायचा. त्याच्या भोंग्यातून टेप वाजायची, टीन, लोहा, प्लास्टिक, टूटा कूलर. बाबुलाल पन्नाशीचा, गोल चेहऱ्याचा, बोलायला गोड माणूस. धुरपताबाईची पोती बघून तो खुश झाला, कारण साफ माल होता. पण त्यानं पोती उचलून एकात एक ओतायला सुरुवात केली तशी ती किंचाळलीच.

"मिसळू नोको! मी येगळं केलं तं तू काहून एक करून राहिला?"

"माय, गोदामात बाया हायेत ना निवडाले. तुम्ही कायले तकलीफ घेता?"

एका कोपऱ्यात एक लहान पोतं होतं. त्यात दिसायला पाण्याच्या बाटल्यांसारख्याच बाटल्या होत्या, काचेसारख्या स्वच्छ, काही फिनाईलच्या, काही तेलाच्या. धुरपताबाई म्हणाली, "हे तं अजिबात मिसळू नोको. हे त्या जातीचं नाई."

"कोन्या जातीचं हाय मंग?"

"नाव मले नाई मालूम. आवाज येगळा हाय."

बाबुलाल मोठ्यानं हसला, "आवाज!" म्हणाला, आणि ते पोतंही बाटल्यांच्या ढिगात ओतून निघून गेला. धुरपताबाई टेम्पो वळणाआड जाईपर्यंत कमरेवर हात ठेवून बघत राहिली. पुढच्या खेपेला तिनं ते लहान पोतं त्याला दिलंच नाही. लपवून ठेवलं.

पोळा होऊन चार दिवस झाले असतील. दुपारी बाबुलाल मोटरसायकलवर आला, टेम्पो नाही, भोंगा नाही. दारातच बसला आणि पाणी मागितलं.

"माय, माही गाडी वापस आली," तो म्हणाला. नागपूरच्या पलीकडच्या कारखान्याला तो बाटल्या पाठवायचा. पूर्ण ट्रक त्यांनी उतरवूनही न घेता परत पाठवला होता. "म्हनतात, तुह्या मालात पीव्हीसी म्हनून दुसरंच प्लास्टिक हाय. थोडीशी जरी राहिली तं भट्टीत सगळ्या मालावर काळे डाग पडतात म्हनते. दोनदा वापस आली. तिसऱ्यानं आली तं माह्यं नाव काटतीन. दिसाले सारखीच दिसते माय. पान्यात टाकून पाहलं, दोनी बुडतात." मग त्यानं मान खाली घातली. "तुम्ही त्या दिवशी म्हनल्या होत्या ना... आवाज?"

धुरपताबाईनं त्याला पाणी दिलं, चहा दिला, आणि लपवलेलं लहान पोतं त्याच्या पायाशी आणून रिकामं केलं. जिंकल्याचा एक शब्दही ती बोलली नाही. तृप्तीच्या मते तिला तो न बोलणं फार जड गेलं असणार.

दुसऱ्या दिवशी ती बसनं तुमसरला गेली. बाबुलालचं गोदाम म्हणजे पत्र्याचं मोठं शेड, आणि आत छताला लागेल एवढा बाटल्यांचा ढीग. ढिगाभोवती सहा बाया बसलेल्या. त्यांच्यात दामिनी म्हणून एक तिशीतली बाई होती, हातानं चपळ आणि तोंडानं त्याहून चपळ. ती म्हणाली, "शेठ, आता आजीबाईले आनलं का शाळा घ्याले?" बाकीच्या फिदीफिदी हसल्या.

धुरपताबाईनं तिकडं लक्ष दिलं नाही. शेडखाली ओळीनं बसलेल्या बाया, मधे ढीग, धुळीचा वास. तिला माहेरी आल्यासारखं वाटत होतं. तिनं एक पोतं अंथरलं, पाय लांब केले आणि बाटली उचलली. दाबली, सोडली, नखानं टिचकी मारली, ठेवली. दुसरी उचलली. तासाभरात तिच्या डाव्या बाजूला अकरा बाटल्या जमल्या.

"ह्या नाई त्याच्यातल्या," ती दामिनीकडं बघून म्हणाली.

"सारख्याच तं हायेत."

"ये, अठी बस. वाकवून पाह्य."

दामिनीनं अकरांतली एक बाटली घेऊन दुमडली. दुमडली तिथं पांढरी रेघ उमटली. मग पाण्याची बाटली दुमडली, तर तशी रेघ आली नाही. दामिनीनं अकरांतली दुसरी उचलून वाकवली.

"आता बूड पाह्य. पान्याच्या बाटलीच्या बुडाले मधात टिंब हाय, बेंबीसारखं. अना हिच्या बुडाले आडवी रेघ हाय, शिवल्यावानी. मले बी हे काल रातीच समजलं, बत्तीखाली धरून पाहलं तवा. हाताले पहिलेच कळत होतं, पन तुमाले दाखवाव कसं म्हनून शोधलं."

बाया उठून जवळ आल्या. टिंबवाली, रेघवाली, टिंबवाली, टिंबवाली, रेघवाली. शाळेत न गेलेल्या बायांनाही ते पहिल्याच झटक्यात समजलं. बाबुलाल स्वतः उकिडवा बसून एकेक बूड तपासायला लागला आणि दर रेघेला कपाळावर हात मारून घ्यायला लागला.

तो ढीग संपायला नऊ दिवस लागले. धुरपताबाई रोज पहिल्या बसनं यायची, डब्यातली भाकर-चटणी बायांबरोबर खायची. चौथ्या दिवशी दामिनीचा हात तिच्याहून भरभर चालायला लागला. "आता तू डोळे मिटून कर," धुरपताबाईनं सांगितलं. दामिनीनं डोळे मिटले, वीसपैकी सतरा बरोबर काढल्या आणि चुकलेल्या तिन्हींवरून स्वतःलाच शिव्या घातल्या. त्या दिवसापासून ती धुरपताबाईला 'मास्तरीण' म्हणायला लागली. अंगठा देऊन पगार उचललेल्या बाईला हे नाव ऐकून पहिल्यांदा कानकोंडं झालं, मग सवय झाली.

ट्रक गेला आणि परत आला नाही. बाबुलाल मिठाईचा डबा घेऊन चिखल्याला आला.

"बोला माय, काय देऊ? रोजी तं देतोच..."

"रोजी तं घेईनच, फुकट कायले राबू?" धुरपताबाई म्हणाली. "पन मले अजून एक पाह्यजे. माल जाते कठी, ते मले दाखव."

बाबुलालला समजेना. कारखान्यात काय बघायचं? मशिनीच तर आहेत.

"बत्तीस वर्सं मॅंगनीज निवडलं," ती म्हणाली. "त्याचं लोखंड बनते म्हनत. कठी बनते, कसं बनते, कोनी नाई दाखवलं. गाडी भरली, गाडी गेली. हे तं पाहू दे."

दिवाळीनंतरच्या खेपेला जायचं ठरलं. पण दिवाळी झाली की गावोगाव मंडईची जत्रा भरते, नाटकं, दंडारीचे नाच होतात, आणि मंडईच्या दिवसांत ड्रायव्हर कोणाला सापडलाय? बाबुलालचा ड्रायव्हरही आपल्या गावच्या मंडईला जाऊन बसला. माल भरून उभा, ट्रक उभा. बाबुलालनं फोन केला तेव्हा तो तृप्तीनं घेतला. तिनं ऐकून घेतलं आणि अंगणात दाढी करत बसलेल्या नवऱ्याला सांगितलं, "आईचा ट्रक अडकला. डायवर नाई."

"मंग?"

"मंग काई नाई. सांगून राहिली."

धर्मेंद्रनं दाढी पूर्ण केली. लाइनीवर दोन दिवसांची सुट्टी टाकली. दुसऱ्या दिवशी पहाटे तो तुमसरला बाबुलालच्या ट्रकवर चढला तेव्हा शेजारी माय नवं लुगडं नेसून, मांडीवर पिशवी घेऊन बसलेली होती. पलीकडं दामिनी. भंडारा येईपर्यंत दामिनीच एकटी बोलत होती.

कारखान्याच्या फाटकावर चौकीदारानं ट्रकमध्ये डोकावून पाहिलं. "माल का कागद? और ये औरतें कौन हैं? लेबर अंदर नहीं जाता."

दामिनी तोंड उघडणार, तेवढ्यात धर्मेंद्र खाली उतरला. कागद त्याच्या हातात दिले आणि म्हणाला, "लेबर नाई. माय हाय माही. ह्या गाडीतला माल तिनं निवडला हाय. तुमच्या साहेबाले बोलवा, तिले आत पाह्यचं हाय."

धुरपताबाईनं खिडकीतून हे ऐकलं. तिनं पदरानं उगाच तोंड पुसलं.

साहेब म्हणजे पस्तिशीचा एक सुपरवायझर होता. बाबुलालनं त्याला आधी फोन केलेलाच होता. त्यानं तिघांना आत नेलं. गरम पाण्याच्या हौदात बाटल्यांची लेबलं सुटत होती. पुढं एक मशीन त्यांचे नखाएवढे तुकडे करत होती. तुकडे पाण्यात पडले की बुचांचे तरंगत आणि बाटल्यांचे खाली बसत. धुरपताबाई त्या हौदाशी बराच वेळ उभी राहिली. "पानीच निवडून राहिलं," ती दामिनीला म्हणाली, जरा हेव्यानंच. वाळलेल्या तुकड्यांत तिनं कोपरापर्यंत हात घातला आणि मूठभर वर काढून डोळ्यांजवळ नेले. पांढरे, स्वच्छ, पोह्यांसारखे.

शेवटच्या शेडमध्ये ते वितळून तार व्हायचे, आणि तारेचा पिंजलेला ढीग पडलेला होता. सुपरवायझर म्हणाला, "हात लावा ना, आजी." तिनं लावला.

"हा तं कापूस होय."

"कापसासारखाच. उशांत भरतात, रजयांत, जॅकेटात."

धुरपताबाई तो दाबून पाहत राहिली. मग धर्मेंद्रला म्हणाली, "अठी ये. पाह्य." धर्मेंद्रनंही हात घातला. टिप्परच्या स्टिअरिंगनं घट्टे पडलेला त्याचा मोठा हात त्या मऊ ढिगात मनगटापर्यंत गेला आणि तो लहान पोरासारखा हसला.

निघताना सुपरवायझरनं विचारलं, "तुम्ही हे ओळखायला शिकल्या कुठं?"

"खदानीत," ती म्हणाली, आणि मग पिशवीतून एक गाठोडं काढलं. त्यात बिस्किटांची, कुरकुऱ्यांची, गुटख्याची आतून चमकणारी वेष्टनं होती. "येचं काय करता?"

त्यानं मान हलवली. "हे आम्ही नाही घेत आजी. यात प्लास्टिक आणि चमकी एकमेकांना चिकटलेली असते. वेगळी करायला परवडत नाही."

"कोनीच नाई घेत?"

"आमच्याकडं तरी नाही."

तिनं गाठोडं परत पिशवीत ठेवलं. एवढ्या कौतुकाच्या दिवशीही हे तिला लागलं, आणि ते तिनं लपवलं नाही.

परतताना रस्त्याच्या कडेला चहाला थांबले. टपरीवाल्यानं कागदी कप दिले. धर्मेंद्रनं चहा संपवला, कप फेकायला हात उचलला आणि थांबला. कप उलटा-सुलटा करून पाहिला, नखानं आतून खरवडला.

"माय, हे कोनतं?"

"वरून कागद, आतून पन्नी. कागदवाला बी नाई घेत, पन्नीवाला बी नाई घेत."

"मंग?"

"मंग काचेचा ग्लास मागाव ना."

धर्मेंद्रनं टपरीवाल्याला हाक मारली आणि आणखी तीन चहा सांगितले, काचेच्या ग्लासात. दामिनी म्हणाली, "भाऊ, एकदा पेला तं हाय." तो म्हणाला, "पे अजून एक. माह्याकडून."

आता धुरपताबाई मंगळवारी आणि शुक्रवारी तुमसरला जाते. गोदामात नव्या आलेल्या बायांना आधी दामिनी शिकवते, आणि डोळे मिटून घ्यायची परीक्षा मास्तरीण घेते. चिखल्याच्या टपऱ्यांमागं आता ऑइलचे डबे पडत नाहीत, धर्मेंद्र ते लाइनीवरूनच गोळा करून केबिनमागं बांधून आणतो. कमलेश अजूनही चिडवतो, पण डबा मात्र मुकाट्यानं त्याच्याकडंच देतो. यंदाच्या चौदा एप्रिलला विहारापुढं पाण्याचे माठ आणि स्टीलचे पेले ठेवायचे असं बायांनी ठरवलं, आणि पेले धुवायचे कोणी यावरून जे भांडण झालं ते पाच दिवस चाललं.

बिस्किटांच्या वेष्टनांची सहा पोती घरामागं तशीच आहेत. तृप्ती म्हणते, उंदीर होतात, जागा जाते. धुरपताबाई ऐकून घेते आणि सातवं पोतं शिवायला घेते. बाबुलालचा टेम्पो आला की सगळ्यात आधी तिचा प्रश्न असतो, "घेनारा सापडला का गा?" आणि बाबुलाल दर खेपेला खरंच कोणाला तरी विचारून आलेला असतो. "नाई माय," तो म्हणतो, "पन रायपूरकडं एक हाय म्हनते. विचारतो."